सही माझीच हाय

"आजऱ्याचा पावणा गेला की रे..." सकाळी ऑफिसला निघताना फोन आला तो असा. आमच्या तालमीसमोर चहाची गाडी लावणाऱ्या शिवाचा. कोण गेलं ते कळायला मला क्षणभर वेळ लागला, कारण दत्तूमामांना पावणा म्हणणं पेठेनं कधीच सोडून दिलं होतं. आजऱ्याहून ते ऐन विशीत आले, तालमीच्या फुटबॉल संघात गोलकीपर म्हणून उभे राहिले, संसारही इथंच थाटला. पुढं चाळीस वर्षं संघाचे प्रशिक्षक तेच, मैदानावर फक्कीच्या रेषा मारणारे तेच आणि पोरांचे मुरगळलेले घोटे बांधणारेही तेच. शेवटच्या दोन वर्षांत मात्र पेठेनं त्यांना परत पावणा करून टाकलं. त्याला कारण मी आहे. एवढं एक वाक्य लिहायला मला सहा आठवडे लागले.

मामांचा आवाज मोठा, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आधी राग यावा, मग हसू. मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी ते सगळ्या संघाला घरी बोलवायचे आणि गावाकडून आणलेल्या घनसाळ तांदळाचा भात घालायचे. त्या वासानं आख्खी गल्ली जागी व्हायची. मंगळवार पेठेतली पोरं आम्हाला भातखाऊ म्हणून चिडवायची. मामा म्हणायचे, त्यांना खुशाल तांबडा रस्सा वरपून येऊ द्या, दुसऱ्या हाफमध्ये कळतंय कोण पळतंय ते. मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो. महिनाभर मला खेळताना पाहून त्यांनी सगळ्यांदेखत निकाल दिला, "संजू, तुझा पाय सरळ न्हाय. पण अक्षर बरं हाय. तू सचिव हो." पोरं हसली. मीही हसलो. पुढं खरंच सचिव झालो, आणि त्या दिवसापासून त्यांच्या लेखी माझं नावच सचिव झालं.

आता मुद्द्याचं सांगतो. फार पूर्वी आमच्या तालमीत दोन गट पडले होते. संघाची नोंदणी कुणाच्या नावावर करायची यावरून इतकी जुंपली की एक हंगाम जातो की काय अशी वेळ आली. एका गटाचा माणूस दुसऱ्याला चालेना. शेवटी कुणीतरी तोड काढली, की पावण्याच्या नावावर करा; त्याला ना इथं भाऊबंद, ना गट. सगळ्यांनी माना डोलावल्या. अशा रीतीनं पेठेचा संघ कागदावर दत्तूमामांचा झाला. मामांना त्याचं काडीचं अप्रूप नव्हतं. दरवर्षी मी कागद पुढं करायचो, ते सही करायचे. बाकी तालमीतलं सगळं तोंडी चालायचं. कट्ट्यावर बसून ठरलं की ठरलं.

मग पुण्याहून एक उद्योजक आले. संघाची कंपनी करू, व्यावसायिक लीग खेळू, पोरांना दरमहा पगार, बाहेरचे खेळाडू, बाहेरचा कोच. मी भारावून गेलो. आणि आज खरं सांगायचंच ठरवलंय तर हेही सांगतो, की त्यांनी मला व्यवस्थापकपद देऊ केलं होतं. माझ्या नावाचं कार्डसुद्धा छापून आणलं होतं. पन्नाशीला आलेल्या कारकुनाच्या हातात असं कार्ड पडलं की काय होतं, ते त्यालाच माहीत... अट एकच होती. संघाची नाव-नोंदणी कंपनीच्या मालकीची झाली पाहिजे. मला ठाऊक होतं, तालमीच्या बैठकीत हे गेलं तर दोन्ही गट पुन्हा उठतील आणि वर्षभर नुसता कालवा चालेल. आणि मामा तर ऐकताक्षणीच नको म्हणतील. म्हणून मी बैठकच टाळली.

खंडेनवमीचा दिवस होता. आमच्यात त्या दिवशी गदा आणि मुदगलांच्या ओळीत फुटबॉल आणि बूटही पूजेला मांडतात. मामा खाली बसून एकेका बुटाला हळदकुंकू लावत होते. मी इंग्रजीतले कागद पुढं धरले. त्यांनी विचारलं, काय हाय ह्यात? मी म्हणालो, हंगामाची नोंदणी, मामा, दरसालची. त्यांनी धोतराला बोटं पुसली आणि सही केली. मग परत बुटांकडं वळले. मला वाटलं होतं, पहिला हंगाम नीट पार पडला की सावकाश सांगू.

पहिला हंगाम चांगला गेला; पुण्याचे साहेब नुसते पैसे घालतायत, असंच पेठ आणि मामा समजून होते. दुसऱ्यात पगार थकले. बाहेरचे खेळाडू एकेक करून निघून गेले, आमची पोरं लाजेखातर खेळत राहिली. मग कळलं, साहेबांनी संघ गोव्याच्या कुणाला तरी विकलाय. गोव्याचे म्हणाले, व्यवहार पुराच झालेला नाही. साहेब म्हणाले, आमचा आता संबंध नाही. मी दोघांना फोन करायचो. दोघंही मला दुसऱ्याचं नाव सांगायचे. नोंदणीची तारीख आली तेव्हा जिल्ह्याच्या फुटबॉल संघटनेनं सांगितलं, मालक कोण ते आधी ठरवून या. ते कुणालाच ठरवता येईना. आमच्या पेठेचा संघ त्या वर्षी मैदानात उतरलाच नाही. उद्घाटनाच्या सामन्याला आमची माणसं दुसऱ्यांच्या गर्दीत चोरासारखी उभी होती.

मग तालमीत बैठक बसली. कुणीतरी संघटनेतून हस्तांतरणाच्या कागदाची प्रत आणली होती. खाली मामांची सही. त्यांच्याच हाताखाली फुटबॉल शिकलेला एक जण म्हणाला, "मामा, काय मिळालं ओ ह्यात?" मामांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग म्हणाले, "सही माझीच हाय." एवढंच. मी त्यांच्यापासून चार हातांवर बसलो होतो. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी सतरंजीकडं. मागून कुणीतरी बोललं, शेवटी पावणा तो पावणाच... त्याला कुणी अडवलं नाही. मीही नाही.

त्यानंतर मामा तालमीकडं फिरकले नाहीत. समोरून येणारी माणसं गल्ली बदलायची. मी सणावारी त्यांच्या घरी जायचो आणि पाच मिनिटांत उठायचो. शेवटचा गेलो तो गेल्या उन्हाळ्यात. अंथरुणाला खिळले होते, आवाज पार बसला होता. मला जवळ बोलावून म्हणाले, "सचिव, माझ्या हातनं चुकी झाली बघ. त्या लोकांनी तुला बी फसवलं. तू लहान हाईस. मी मोठा, मी तरी कुणाकडनं वाचून घ्यायला पायजे होतं." मी विचारलं, मग बैठकीत माझं नाव का घेतलं नाही? तर म्हणाले, "तुला पोरंबाळं घेऊन ह्या पेठेतच ऱ्हायाचं हाय की. माझं काय, मी पावणाच. पर तू सांग... तुला बी ठावं न्हवतं न्हवं?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. एवढी सोपी वेळ देव पुन्हा देत नाही. मी म्हणालो, "व्हय मामा, मला बी फसवलं."

त्यांनी माझा हात दाबला. आणि मी... मी त्यांना म्हणालो, असू दे मामा, होतं असं कधी कधी. माझ्या पापाची माफी मी त्यांना दिली.

तालमीचा खेळाडू गेला की आमच्याकडं अंत्ययात्रा तालमीच्या दारात क्षणभर थांबते. मामांची थांबली नाही. दार बंद होतं, आणि खांदेकऱ्यांना थांबा म्हणायला जी जीभ हवी होती ती माझ्या तोंडात होती.

चौदाव्यानंतर एका दुपारी मी मामींकडं गेलो आणि सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही त्यांचा. माझं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "हे मला कशाला सांगतोस? मी त्यांच्यावर कधी संशय घेतलाच न्हवता. ज्यांनी घेतला त्यांना सांग जा."

एवढ्यात पाच वाजले. त्या उठल्या आणि पुढचं दार सताड उघडून ठेवून आल्या. मामांची ती सवय होती. सराव सुटला की पोरं पाणी प्यायला येतात, दार लोटलेलं दिसलं की बुजतात, म्हणायचे. दोन वर्षांत एकही पोर आलं नव्हतं. तरी रोज पाचला ते दार उघडायचे म्हणे. शेवटी शेवटी अंथरुणावरून मामींना सांगायचे.

हे छापून येईल त्या दिवशी संध्याकाळी पाचपासून मी त्या दारात बसणार आहे. पेठेतल्या ज्याला जे विचारायचं असेल त्यानं तिथं येऊन मला विचारावं. शिव्या द्यायच्या असतील तर त्याही तिथंच द्याव्यात. मामींची परवानगी मागितली. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. माझ्याकडं न बघता एवढंच म्हणाल्या, "माणसं येतील. घागर भरून ठेवते."