पाणबुडीच्या पानावर नसलेलं नाव

मोबाइलवर एका जर्मन पाणबुडीची दुसऱ्या महायुद्धातली कामगिरी मी शेजारच्या आमिनाचाचींना वाचून दाखवत होतो. त्यांचे वडील ज्या मालवाहू बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचे, ती ह्याच पाणबुडीने त्यांच्यासकट बुडवली.

"बाबांचं नाव हाय काय रे त्यात?"

पाणबुडीच्या कप्तानाचं नाव होतं, बुडालेली बोट किती टनांची तेही होतं. "नाही, चाची."

"लोखंड मोजलं मेल्यांनी, माणसं नाय!"

पुढे पाणबुडीही आतल्या सगळ्या खलाशांसकट बुडाली. त्यांच्याही लेकी अशाच विचारत असतील.

चाचींच्याच ओट्यावर अभ्यास करून मी घरातला पहिला पदवीधर झालो. त्यांच्या वडिलांची नोंद मागायला बोटीच्या कंपनीला पत्र लिहायला बसलो. उत्तर येईपर्यंत लिहीत राहणार आहे. चाचींनी वडिलांचं गावासकट पूर्ण नाव सांगितलं. मी ते ठळक अक्षरात लिहिलं.