प्रकाशदादाचा लॅपटॉप उघडला, तो प्रकार

समस्त वाचक बंधू-भगिनींना कळवण्यास अत्यंत गांभीर्य वाटते की, वय पन्नाशीपार, राहणार लोणावळा, धंदा मंडप आणि लाउडस्पीकर, भुताखेतांवर काडीचाही विश्वास नसलेला सदर इसम हल्ली एका लॅपटॉपला घाबरतो. तरी सर्वांनी नोंद घ्यावी. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं... पुढे फारशी संधी नाही.

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. कसा असणार? त्या तयार करणारा मीच! लग्नांत माईकवर बोलतो, त्यामुळे जीभ सैल. पावसाळ्यात बंगल्यांवर स्पीकर लावायला गेलो की पाहुणे हमखास विचारतात, "काका, इथे काही भुताचं वगैरे आहे का हो?" गिऱ्हाईकाला नाराज का करा? एका वळणावर मी हिरव्या छत्रीची एक बाई उभी केली. धुक्यात रस्ता विचारते, आणि तुम्ही सांगाल त्या दिशेला कधीच जात नाही. मध्यंतरी एका रिक्षावाल्यानं हीच गोष्ट मला शपथेवर सांगितली. त्याच्या मेव्हण्याला भेटली म्हणे! स्वतःच्या लेकीचं कौतुक ऐकावं तसं मी ऐकून घेतलं.

तर असा मी. आता ऐका.

प्रकाशदादा माझा आतेभाऊ. बेडसे गावात घर, लेण्यांच्या डोंगराखाली. देहूरोडला डेपोत नोकरी केली, रिटायर झाला, भातशेती बघायला लागला. घरात तिघं: दादा, शालनवहिनी आणि दादाची आई, म्हणजे माझी आत्या. आधी चौघं होती. प्राजक्ता त्यांची एकुलती एक. बारावीत असताना तापाचं निमित्त झालं आणि पोरगी गेली.

त्यानंतर वहिनीनं जेवणच टाकलं. भिंतीवर पोरीचा फोटो होता, त्याच्यासमोर सकाळी बसायची ती दिवे लागेपर्यंत. ताट समोर ठेवा, तसंच परत न्या. शेवटी दादानं तो फोटो उतरवून आपल्या बहिणीकडे देऊन टाकला... आणि तिच्या घरी पाणी शिरलं त्यात फोटोही गेला. मोबाईलमधले फोटो त्यानं लॅपटॉपवर घेतले, मोबाईलमधून पुसले आणि लॅपटॉपला पासवर्ड लावला. घरात पोरीचा चेहरा म्हणून राहिला नाही.

आत्या तेव्हा त्याला म्हणाली होती, "पोरगी येकदा देवानं न्हेली. दुसऱ्यांदा तू न्हेलीस."

पण त्यानंतर वहिनी थोडं थोडं जेवायला लागली, एवढं खरं. का, ते कुणी विचारलं नाही.

या आषाढात दादा बांध घालायला शेतावर गेला. बांधावर बसून कुदळीचा चिखल काढत होता म्हणे. बसला तो बसलाच.

दहाव्याला आम्ही सगळे पुरुष पवनेच्या काठावर. पाऊस तिरपा. पिंड ठेवला. समोर बाभळीवर कावळे ओळीनं बसलेले, पंख फुगवून, सरकारी कार्यालयात बसावं तसे. एकही खाली येईना. मग सुरू झालं कबूल करणं. दादाच्या मेव्हण्यानं हात जोडले, "भाऊ, आईला सांभाळू." कावळे ढिम्म. "वरचा स्लॅब पुरा करू." ढिम्म. "जमीन प्लॉटिंगवाल्याला देणार न्हाई." एक कावळा उडाला... तो पलीकडच्या फांदीवर! मी तर माईकवरच्या आवाजात सांगितलं, "दादा, वहिनीला काही कमी पडू देणार नाही!" एका कावळ्यानं माझ्याकडे मान तिरकी करून असं पाहिलं, जणू मंडप उभारलाय पण नवरा मुलगा पळून गेलाय. गुरुजी भिजून कंटाळले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

वहिनीनं दारातच विचारलं, "शिवला?"

मेव्हणा म्हणाला, "शिवला." आम्ही सगळ्यांनी पायातल्या चपलांकडे पाहिलं.

तेराव्यानंतर मी निघालो, तर वहिनीनं लॅपटॉप पिशवीत घालून माझ्या हातात दिला. "भावजी, तुमी मशिनीतलं मानूस. ह्यो आता तुमालाच ऱ्हाऊ द्या. पर आदी चालू करा आनि मला प्राजूचं तोंड दावा. डोळं मिटलं की दिसायची, आता न्हाई दिसत. कपाळ दिसतं, वेणी दिसती... तोंड न्हाई जमत."

तोवर तिचं जेवण पुन्हा सुटलं होतं. पोलक्याच्या बाह्या दंडावर नुसत्या लोंबत होत्या. कामशेतच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "असंच चाललं तर ही बाई दिवाळी बघणार नाही." मी तिला म्हटलं, "वहिनी, मी चालू करतो, पण तुम्ही दोन घास खा."

"आदी तोंड दावा," ती म्हणाली. "मग जेवते."

लोणावळ्याला आमच्या बाजारात संदेश म्हणून एक आहे, लॅपटॉप दुरुस्त करतो. पोरगा हुशार, पण पेशंट समोर असताना कपाळावर आठ्या घालणाऱ्या डॉक्टरसारखा. लॅपटॉप उघडून म्हणाला, "काका, हे काय मशिन आहे का मशरूमचं शेत?" आमच्याकडच्या दमटपणानं आत बुरशी धरली होती, बॅटरी पुरीसारखी फुगलेली, अर्धी बटणं रुसलेली. त्यानं सगळं साफ केलं, बॅटरी बदलली, कीबोर्ड नवा टाकला. बटण दाबलं... चालू! मी दुकानातच टाळी वाजवली.

आणि पासवर्ड विचारणारी ती चौकट येऊन उभी राहिली.

मग आम्ही काय काय घातलं म्हणून सांगू! प्राजक्ताचं नाव, तिची जन्मतारीख, दादाच्या मोटारसायकलचा नंबर, गावदेवाचं नाव, बैलाचं नाव. संदेश म्हणाला, "वहिनींची जन्मतारीख?" फोन लावला. आत्यानं उचलला. म्हणाली, "आधारकार्डावर एक जून हाय. माजीबी एक जूनच हाय. सगळ्या गावाची एक जून हाय. मास्तर येकाच दिवशी जन्मवायचा सगळ्यांना." तीही घातली. चुकली.

"डिस्क काढून दुसऱ्या मशिनला लावता येत नाही?" मी विचारलं.

"लावून बघितली. आतला माल पण कुलपात आहे. काका, दादांनी पक्कं काम केलंय. आता एकच. फॉरमॅट मारतो, मशिन एकदम नवं होईल."

"आणि फोटो?"

संदेशनं चष्मा काढून पुसला.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. भाद्रपदातल्या एका दुपारी लॅपटॉप घेऊन मी बेडश्याला गेलो. पाऊस नव्हता, पण ढग इतके खाली, की लेण्यांचा डोंगर कुणी पुसून टाकल्यासारखा. लाईट गेलेली. भात फुलोऱ्यावर आलेलं, त्याचा वास सगळीकडे... आणि त्या वासात बसलेली वहिनी, वाळलेल्या शेंगेसारखी. मी लॅपटॉप स्टुलावर ठेवून चालू केला आणि ती चौकट तिला दाखवली. म्हटलं, "वहिनी, दाराशी आलोय. किल्ली नाही. तोडलं तर आतलं सगळं जातं. तुम्ही सांगा काय करू."

ती त्या चौकटीकडे नुसती बघत राहिली. शेवटी मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेलो, की दादाची इच्छा आम्हाला ओळखताच येत नाही, तिकडे घाटावर नाही आणि इकडेही नाही.

आत्यानं मान वर केली. "घाटावर न्हाई म्हंजे? कावळा शिवला म्हनलावता न्हवं?"

झालं! पन्नास वर्षं जीभ चालवतोय, पण अशी घसरली नव्हती. सगळं सांगावं लागलं. बाभूळ, स्लॅब, प्लॉटिंग, दर्भ. आत्या ऐकत होती. मला वाटलं शिव्या घालेल. ती म्हणाली, "बाळ्या, तुमी बाप्ये तितं जाऊन हे करू, ते करू म्हनलात. कबूल कुनी करायचं व्हतं, त्या बाईला न्हेलीवती का घाटावर?"

"आत्या, बायका कुठे येतात घाटावर?"

"तेच म्हनते मी. जिच्याकडनं पायजे ती घरात चुलीम्होरं, आनि तुमी कावळ्याला घराचा नकाशा सांगत बसलात!"

तेवढ्यात वहिनी बोलली. इतकं हळू, की मला वाकून ऐकावं लागलं.

"ते आदी ताट बघायचे."

"कसलं ताट?"

"रोज सांजच्याला. मी जेवायचं, ताट मोकळं करून त्यांना दावायचं. मग ते हे उघडायचे आनि प्राजूचा येक फोटू दावायचे. येकच. उघडताना मला तोंड भिंतीकडं करायला लावायचे. म्हनायचे, तुला उघडाया आलं तर तू परत जेवायची न्हाईस."

आत्याचं तोंड उघडंच राहिलं. "म्हनून दार लावून बसायचात व्हय दोगं! आनि मी आपली म्हनते, ह्या वयात ह्यांचं काय चाललंय!"

वहिनी हसली नाही. "आता ताट कुनाला दावू? बगनारं मानूसच ऱ्हायलं न्हाई."

आत्या उठली. गुडघे धरत आत गेली आणि ताट घेऊन आली. भात, वर वालाचं कालवण, कडेला मिठाची चिमूट. वहिनीच्या मांडीवर ठेवलं आणि लॅपटॉपकडे बोट केलं. "ह्याला दाव. माजं लेकरू ह्यातच बसलंय अडकून."

खरं सांगतो, मला शरम वाटली. शिकलेसवरलेले आपण, एका मशिनपुढे दोन बायका जेवणाचं ताट घेऊन बसल्यात आणि आपण बघतोय! मी म्हणणार होतो, "आत्या, असं नसतं गं." पण वहिनीनं घास उचलला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून. तिला गिळवेना. प्रत्येक घासाला डोळे मिटायची. मध्ये एकदा ठसका लागला, आत्यानं पाठीवरून हात फिरवला. समोर स्क्रीनवर ती चौकट तशीच. बाहेर डोंगर नाही, घरात लाईट नाही, आणि त्या स्क्रीनचा निळसर उजेड वहिनीच्या गालाच्या हाडांवर. मयताच्या घरी मी खूप बसलोय, पण एवढी उदास पंगत पाहिली नाही.

तिनं शेवटचं शीतसुद्धा बोटानं टिपलं. मग ताट दोन्ही हातांनी उभं धरलं, स्क्रीनसमोर, शाळेत पाटी दाखवावी तसं. म्हणाली, "झालं. बगा. उद्याबी जेवीन."

मंडळी, इथे माझा जबाब नीट ऐका. मी स्टुलापासून हातभर अंतरावर, हात माझ्या मांडीवर. आत्या पलीकडे, खांबाला टेकून. वहिनीचे दोन्ही हात ताटाला. कीबोर्डला कुणाचंही बोट लागलेलं नाही. मी तिकडेच बघत होतो, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं.

चौकटीत ठिपके उमटले. काळे ठिपके, एकेक करून, एका बोटानं टाईप करणारा माणूस करतो तसे... थांबत, थांबत. दादा एकाच बोटानं टाईप करायचा. मग चौकट गेली, गोल चक्र फिरलं, आणि मशिन उघडलं.

मी संदेशला फोन केला तेव्हा माझा आवाज ऐकून तो विचारत होता, "कोण बोलतंय?" तो धावत आला, सगळे फोटो पेनड्राईव्हवर घेतले, मग मशिन बंद करून परत चालू केलं. पुन्हा तीच चौकट. आजतागायत ती उघडलेली नाही. वहिनी आता जेवते, पण त्यानंतर कितीही ताटं दाखवली तरी चौकट हलली नाही. फोटो तर बाहेर निघालेत म्हणा, आता फॉरमॅट मारायला हरकत नाही. संदेश म्हणतो, नव्या कीबोर्डमध्ये ओल गेली असेल, बटणं आपोआप दाबली गेली असतील. मी म्हटलं, "आणि नेमका बरोबर पासवर्ड दाबला ओलीनं?" त्यानं पुन्हा चष्मा पुसला. लॅपटॉप माझ्या कपाटात आहे. फॉरमॅट करायला माझा हात धजत नाही. हिरव्या छत्रीची बाईही मी हल्ली कुणाला सांगत नाही.

वहिनी काही पहिल्यासारखी झाली नाही. होणारही नाही. ताट मोकळं करते आणि उठते, एवढंच.

पण ती दुपार अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मशिन उघडलं तसा पूर्ण स्क्रीनभर प्राजक्ताचा फोटो आला. झोपेतून उठून दारात उभी, तोंडात ब्रश, कॅमेऱ्यावर वैतागलेली. दादा गेल्यावर वहिनी एकदाही मोठ्यानं बोलली नव्हती. आत्यानं तोंडाला पदर लावला... आणि वहिनी स्टुलाकडे वाकून, गावभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"भवाने, आजबी केस इंचारलं न्हाईस व्हय!"