जातो म्हणायचं नाही

रखमाबाई गेली, आणि आखातात, बुदैयातल्या त्या जुन्या घराच्या ओट्यावर इतक्या चपला जमल्या की हेमाकाकूंना आत शिरायला वाट मिळेना. हेमाकाकू म्हणजे मराठी मंडळातल्या जुन्या जाणत्या बाई, रीतभात त्यांना विचारून करायची. "अगं बाई, माणसं आहेत की मोर्चा!" त्या कुरकुरल्या. रखमाची धाकटी लेक अश्विनी दारातच उभी होती. रडून डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. "आईची माणसं आहेत, काकू. चपला ओलांडून या."

पोरगी आईवर गेली होती, दुसरं काय!

रखमा मूळची गुहागरकडची. नवरा तुकाराम हिद्दला बंदराजवळच्या गॅरेजात ट्रकची इंजिनं उघडायचा. पदरात सहा पोरं. एका शुक्रवारी तुकारामाने गॅरेजातल्या एका हेल्परला जेवायला आणलं. पुढच्या शुक्रवारी हेल्परने आपल्या खोलीतले सगळे आणले. झालं! तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. मजुरांच्या कॅम्पात राहणारे गवंडी, सुतार, ड्रायव्हर, कुणी कोकणातला, कुणी केरळचा, कुणी पाकिस्तानचा. सुट्टीच्या दिवशी दुपारी रखमाच्या अंगणात चटई अंथरलेली असायची आणि चुलाण्याएवढ्या शेगडीवर भलामोठा टोप रटरटत असायचा. साफी नावाच्या तिथल्या मासळीचं तिखलं, तांदळाच्या भाकऱ्या, नाहीतर काळ्या वाटाण्याची आमटी.

आता उदार बाई म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर कुणीतरी गोड बोलणारी माउली येईल. छे हो! मऊ बोलणं रखमाच्या गावीही नव्हतं. "मेल्या, चिमणीसारखा काय टोचतोस? तुझी आई तिकडे मला शिव्या घालील!" असं ओरडत ती भाकरी ताटात आदळायची. समोरच्याला शब्द कळायचे नाहीत, भाकरी मात्र बरोबर कळायची.

एकच नियम होता. निघताना "येतो" म्हणायचं. आपल्यात घराबाहेर पडताना कुणी "जातो" म्हणत नाही. जातो म्हणजे कायमचा जातो. खिजर नावाचा बेकरीची गाडी चालवणारा पाकिस्तानी पोरगा पहिल्यांदा जेवून उठला आणि "अम्मा, जाता हूँ" म्हणाला. रखमाने त्याची बाही धरून त्याला उंबऱ्याच्या आत ओढलं. "जाता नाही! येतो म्हण, येतो!" बिचारा घाबरून "येतो, येतो" म्हणत सुटला. तेवढं एकच मराठी त्याला आलं, आणि ते त्याने जन्मभर पाठ ठेवलं.

हेमाकाकूंनी तेव्हाही समजावून पाहिलं होतं. "रखमा, घरात मुली वाढताहेत. नको म्हणत नाही मी, पण निदान त्या लोकांची भांडी तरी वेगळी ठेव." रखमाने पुढच्या शुक्रवारी काकूंना आग्रहाने जेवायला बोलावलं, धुतलेल्या सगळ्या ताटांची त्यांच्यासमोर चळत लावली आणि म्हणाली, "घ्या, ओळखा बघू कुणाचं कुठलं." काकू जेवल्या. न जेवून सांगतात कुणाला!

तुकाराम छातीत कळ येऊन अचानक गेला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता खलास. रखमाने एका शाळेच्या कँटीनमध्ये नोकरी धरली, व्हिसा स्वतःच्या नावावर केला आणि शुक्रवारी टोप पुन्हा शेगडीवर चढवला. "नवरा माझा गेलाय, यांची भूक गेली नाही," म्हणाली.

आणि आता ती स्वतः गेली. तेराव्याच्या आदल्या दिवशी थोरला प्रशांत आला. तो बँकेत मोठा साहेब; मधली चौघं भावंडं देशात, त्यामुळे ठरवायचं ते या दोघांनीच. "मी हॉल बुक केलाय," तो म्हणाला. "आपली घरची माणसं आणि मंडळाचे लोक. नीट, सुटसुटीत. नंतर हे घर सोडू, तू आमच्याकडे ये. मोठी भांडी मंडळाला देऊन टाकू."

"आणि शुक्रवार?"

"शुक्रवार आईबरोबर गेला, अश्विनी." मग त्याचा आवाज चढला. "तुला आठवत नाही, तू लहान होतीस. आमच्या वाटची मासळी लोकांनी खाल्लीय! मला नेहमी शेपटाकडचा तुकडा."

अश्विनीला राग आला आणि दयाही आली, पण राग जास्त होता. "खाल्ली ना! एकदा तरी उपाशी झोपलास? बाबा गेल्यावर खिजरच्या पावाच्या गाडीत बसून दहावीच्या परीक्षेला कोण गेलं? त्याला सांगायला कुणी गेलं होतं का?"

प्रशांत हॉल काही रद्द करीना. मग तिनेच हॉलवाल्यांना फोन करून तो रद्द केला. रात्री पडल्या पडल्या मात्र ती येणारी माणसं मोजू लागली. क्लिनिकमध्ये दिवसभर रिसेप्शनवर बसणारी ती. एवढ्यांचं रांधणं आपल्याला झेपेल? आईचा हात आपल्याला कुठला?

तेराव्याला अंगणात चटया अंथरल्या गेल्या. अश्विनीची आमटी पातळ झाली, लापशी खाली लागली. तरी सगळे मान खाली घालून जेवले. जेवणं उरकताच प्रशांतने ड्रायव्हरकडून तो मोठा टोप घासून आपल्या गाडीत ठेवून घेतला. अश्विनीने पाहिलं. पण पातळ आमटीने तिची जीभच धरली होती.

माणसं उठू लागली. आता तुम्हाला ठाऊक आहे, मयताच्या घरून, कार्याचं जेवून निघताना "येतो" म्हणत नाहीत. पुन्हा असल्या प्रसंगाला यायला लागू नये म्हणून मुकाट निघायचं. मराठी माणसं तशीच निघाली. पण खिजरला हे कोण सांगणार? दाढी पिकलेला खिजर रखमाच्या फोटोसमोर थांबला, डोळे पुसले आणि सवयीने मोठ्यांदा म्हणाला, "अम्मा, येतो."

"अरे देवा! अभद्र!" हेमाकाकूंनी कानांवर हात ठेवले. प्रशांत पुढे आला. खिजर कावराबावरा. "क्या हुआ बेटी? गलती हुई?"

अश्विनीच्या आत काहीतरी तडकलं. आई गेल्यापासून दाबून ठेवलेलं सगळं वर आलं.

"काही गलती नाही!" ती ओरडली. "माझ्या आईने शिकवलंय ते! बरोबर बोललास, चाचा. शुक्रवारी ये. सगळे या! आमटी पातळ होईल, भाकरी करपेल, खायची असेल तर या!"

"अश्विनी, रीत असते काही," काकू म्हणाल्या.

"या घराची रीत हीच, काकू. तुम्हीही या. ताटं ओळखायला."

फाटकापाशी पोचलेले लोक मागे वळले. एक म्हणाला, "येतो." मग दुसरा. मग केरळचा तो म्हातारा सुतारही आपल्या उच्चारात म्हणाला. अश्विनी त्यांच्यामधून वाट काढत फाटकाबाहेर गेली, प्रशांतच्या गाडीची डिकी उघडली आणि टोपाची कडी धरून ओढू लागली. टोप जड, एकटीला हलेना.

प्रशांत मागोमाग आला. "लोक काय म्हणतील, अश्विनी?"

"ऐकलंस ना, काय म्हणाले ते?"

त्याने गाडीचं दार उघडलं. "मी जातो," तो पुटपुटला.

अश्विनीने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. अगदी आईसारखं.

प्रशांतने मान खाली घातली. "येतो," म्हणाला, आणि वाकून टोपाची दुसरी कडी धरली.