लाल न दिसणारी फिल्म

३ फेब्रुवारी २०१४ रोजी इस्पितळाच्या भांडारातून मुदत संपलेल्या शंभर एक्स-रे फिल्मांची पेटी सहाशे चाळीस रुपयांना विकली गेली. घेणारा तिथलाच एक्स-रेवाला. इस्पितळात संगणकावरचं यंत्र आल्याने फिल्म अडगळीत पडली होती. त्याच्या घरी वडलांचा जुना लाकडी कॅमेरा होता आणि त्याच्या मापाची फिल्म बाजारात मिळेनाशी झाली होती. त्याने दोघांची सोयरीक जमवली.

न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लागला, वर लाल दिवा. या फिल्मला लाल उजेड दिसत नाही, म्हणून त्यात ती निवांत कापता येते. चित्र उमटवणारा मसाला मात्र तिच्या दोन्ही बाजूंना. नख लागलं की ओरखडा. आठ फिल्मा वाया गेल्या. नवव्या वेळी फिल्म धुण्याच्या ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवली, तेव्हा भाजीच्या टोपलीचा फोटो स्वच्छ उतरला. टोमॅटो तेवढे डांबरासारखे आले. त्याने वहीत टिपलं : लाल ते काळं.

"आंघोळीसाठी अर्ज कुणाकडे करायचा?" बायकोने बाहेरून विचारलं.

महिनाअखेरीस त्याची थोरली बहीण कायमची लेकीकडे राहायला जाणार होती. तिचा एकही फोटो घरात नव्हता. लहानपणी गालावरच्या लाल डागावरून मुलं चिडवत, तेव्हापासून कॅमेरा दिसला की ताई भिंतीआड. आता डाग फिका गुलाबी झाला होता. भाऊ तर तो साफ विसरला होता. जाण्याआधी एक तरी फोटो हवा, म्हणून त्याने आठवडाभर तिची मनधरणी केली. शेवटी ती खिडकीपाशी बसली.

"चार सेकंद हलू नकोस."

"श्वास घेऊ का?"

"घे. सोडू नकोस."

फोटो कागदावर उतरला, तेव्हा ताईच्या गालावर शाई सांडल्यासारखा डाग होता. वही हाताशी असून अक्कल गहाण! लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने फोटो तिच्यापुढे धरला.

"ताई, चूक माझी. दुसऱ्या बाजूने पुन्हा काढतो."

ताईने फोटो हातात घेऊन उजेडात धरला.

"नातीलाही आहे असाच, गुलाबी. शाळेत गालावर हात धरून बसते," ती म्हणाली. "हाच दे. तिला म्हणेन, बघ गं, आजीपेक्षा तुझा कितीतरी बरा."

"आणि मला?"

"तुलाही हाच. दोन प्रती काढ. पैसे घे, भावाचं फुकटचं मला पचत नाही."

दोन प्रतींच्या कागदाचे तीस रुपये झाले. ताईने पन्नासाची नोट दिली. सुटे नव्हते. ताई गेली. तिचे वीस रुपये अजून द्यायचे आहेत.