उरूबाची ती एक ओळ

जॉर्डनमधल्या इर्बिद शहरात आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी प्रोग्राम लिहिते. उरूबा माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याची बोलती बंद.

रुग्णाचा नंबर दिला की मॅपमधून, म्हणजे प्रोग्राममधल्या यादीतून, त्याला न चालणारी औषधं मिळायची. नंबर नोंदलेलाच नसला की हाती यायचं नल, म्हणजे काहीच नाही, आणि प्रोग्राम कोसळायचा. हॉस्पिटलवाले आमच्या साहेबांच्या, अबू कुतैबांच्या, डोक्यावर बसले.

"सापडलं नाही तर 'ऍलर्जी नाही' असं दाखव," साहेब उरूबाला म्हणाले. "एका ओळीचं काम, किती चघळशील?"

"अहो, नाही आणि माहीत नाही, एकच कसं?"

"तुझं तत्त्वज्ञान घरी. मला आज पाहिजे."

तिने लिहिली. प्रोग्राम कोसळायचा थांबला. साहेबांनी खुशीत सगळ्यांना कुनाफ्याची मिठाई वाटली.

थोड्याच दिवसांत हाज्जा तमाम नावाची बाई वारली. नवी रुग्ण, मॅपमध्ये नोंद नाही. पडद्यावर 'ऍलर्जी नाही' वाचून नर्सने पेनिसिलिन टोचलं होतं, आणि तेच तिला चालत नव्हतं. साहेब म्हणाले, चूक नर्सची, आपण तोंड उघडायचं नाही. ओळ बाकीच्या हॉस्पिटलांत तशीच चालू. मला त्या माणसाचा असा संताप आला, काय सांगू.

उरूबा आपल्या काकांना पुढे घालून बाईच्या नवऱ्याकडे, हाज्ज मुफ्लिहकडे गेली. सोबत मी. कडू कॉफी आली. तिने पेला न पिता खाली ठेवला. आमच्याकडे पाहुण्याने पेला असा ठेवला, की त्याचं काही मागणं आहे असं समजतात. ते मान्य होईपर्यंत पाहुणा पीत नाही.

"माफी हवीय?" हाज्जने विचारलं.

"नाही. तक्रार करा. त्यात नर्सचं नको, माझं नाव घाला. चौकशी लागल्याशिवाय ती ओळ कुणी काढणार नाही, आणि आणखी कुणीतरी जाईल."

"अगं, स्वतःच्याच पोटावर पाय देतेस?" काका हादरलेच. त्यांना वाटलं होतं, पोरगी माफी मागायला आलीय.

हाज्जने पेला उचलून तिच्या हातात दिला. "घालतो नाव. पी."

ती प्यायली. हाज्जने रिकामा पेला परत घेतला आणि विचारलं,

"तुझ्या मनासारखं लिहिलं असतंस, तर पडद्यावर काय आलं असतं?"

"माहीत नाही, घरच्यांना विचारा."

"मला माहीत होतं, पोरी," हाज्ज म्हणाला. "मी तिच्या खोलीच्या दाराबाहेरच बसलो होतो."