लुसियाँचं अर्धं मिनिट

शारजाहून दुबईला निघालो होतो आणि नेहमीसारखा ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. स्टुडिओच्या ग्रुपवर मेसेज आला. लुसियाँ पहाटे गेला, पुढे हात जोडलेलं चित्र, आणि लगेच त्याच्याखाली, दहाचं रेकॉर्डिंग अकराला होईल. मी शेजारच्या सीटकडे पाहिलं. कित्येक वर्षं तिथे बसून तो याच रांगेत घसा मोकळा करायचा, चित्रविचित्र आवाज काढायचा, आणि बाजूच्या गाड्यांतली माणसं वळून बघायची. त्या दिवशी कुणी बघितलं नाही...

लुसियाँ फ्रेंच. सिनेमातल्या परक्या नटांना आणि कार्टूनमधल्या प्राण्यांना तो फ्रेंच आवाज द्यायचा, मी त्याचं रेकॉर्डिंग करायचो. पॅरिसमध्ये उमेदीची वर्षं त्याने डॉक्टर, वकील आणि मध्यंतराआधीच मरणाऱ्या गुंडांना आवाज देण्यात घालवली. मग तिथलं काम आटलं, बायको सोडून गेली, आणि आफ्रिकेतल्या फ्रेंच बोलणाऱ्या मुलांसाठी इथे कार्टून डब होतात म्हणून हा उतारवयात दुबईत आला. भाडं परवडेना, मग शारजात, आमच्याच बिल्डिंगमध्ये. फ्रेंच माणूस आणि दारूबंदीच्या शारजात! आम्ही त्याची यथेच्छ टिंगल करायचो, आणि तो माझ्या बायकोच्या हातची सोलकढी ग्लासावर ग्लास रिचवायचा.

इथे त्याला एका कार्टून मालिकेतला पाणघोडा मिळाला. पाण्याला घाबरणारा. दर भागात नदीकाठी यायचा आणि काहीतरी निमित्त काढून परत फिरायचा. एकदा दुबईतल्या करामा भागात डोसा खाताना लुसियाँ फोनवर फ्रेंचमध्ये कुणावर तरी चिडला, तर पलीकडच्या टेबलावरून कॅमेरूनचा एक सिक्युरिटी गार्ड उठून आला. त्याने आवाज ओळखला होता. त्याने तिथूनच गावी मुलांना व्हिडिओ कॉल लावला, आणि डोसा पार गार होईपर्यंत लुसियाँ त्या पोरांशी पाणघोडा होऊन बोलला. पोरांचा एकच प्रश्न, नदी कधी पार करणार? लवकरच, त्याने कबूल केलं. तो शब्द त्याने नको इतका मनावर घेतला.

गेल्या वर्षी त्याचा आवाज बसला तो बसलाच. स्वरयंत्राचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करू, आवाज जाईल पण जीव वाचेल. मालिकेचे शेवटचे भाग यायचे होते आणि त्यात पाणघोडा नदी पार करणार होता. मी भांडलो, हातापाया पडलो. आमच्या तोडक्यामोडक्या हिंदीत तो एवढंच म्हणाला, "ऑपरेशन बाद में, हबीबी. पहले नदी." एका कार्टूनपायी! मला अजून त्याचा राग येतो. स्क्रिप्ट लांबणीवर पडत गेली, गाठ काही थांबली नाही.

आमच्या कामात एक रीत आहे. रेकॉर्डिंग संपलं की माइक चालू ठेवून अर्धं मिनिट नुसती खोलीची शांतता घ्यायची. वाक्यांमधल्या फटी बुजवायला ती लागते. नट आत उभा असतो, त्याने हलायचं नाही. लुसियाँला हे कधीच जमलं नाही. गुडघा वाजायचा, पोट गुरगुरायचं, खिशातल्या किल्ल्या खुळखुळायच्या, नाहीतर मध्येच विचारायचा, "खलास?" मी ओरडायचो, ते पुसून टाकायचो आणि त्याला बाहेर काढून पुन्हा घ्यायचो.

अखेर स्क्रिप्ट आली. त्या दिवशी तो दुपारपर्यंत धडपडला. नदीत उतरतानाचं वाक्य घशातून निघेना, नुसती घरघर. काचेपलीकडून मी मान हलवत राहिलो, जमतंय म्हणून. जमत नव्हतं... शेवटी त्याने कागद खाली ठेवले आणि बोटाने खूण केली, शांतता घे. तेवढीच घेतली. ऑपरेशनची वेळ तोवर टळून गेली होती.

भाग दुसऱ्या नटाने पूर्ण केला. लुसियाँ गेल्यावर आठवड्याने तो भाग टीव्हीवर लागला. शाळेत फ्रेंच शिकणारी माझी झोया, जिचा अभ्यास लुसियाँ घ्यायचा, तिने दोन वाक्यं ऐकली. "दॅट्स नॉट हिम, अब्बा," म्हणाली आणि टीव्ही बंद केला. त्या वाक्यांमधल्या फटींत मी भरलेली शांतता लुसियाँचीच आहे, हे तिला सांगणार होतो.

आता काम आटोपलं की मी हेडफोन लावून ती शांतता ऐकतो. आवाज पूर्ण वाढवतो. गुडघा नाही, किल्ल्या नाहीत, श्वाससुद्धा नाही. त्याच्या आवाजाने बिघडलेल्या सगळ्या मी पुसून टाकल्यात. ही एकच उरली, आणि त्या दिवशी तो हूं की चूं न करता उभा राहिला होता, अगदी मी शिकवलं तसा.