चिमणीचे वाईट दिवस

केस कापणं हा चिमणीच्या आईचा धंदाच होता. घराच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्यांचं पार्लर, त्यामुळे कात्री हाताशीच. एका दुपारी पंधरा वर्षांच्या चिमणीने आरशासमोर उभं राहून स्वतःची वेणी मुळापासून कापून टाकली.

घरात तिच्या रागाची सवय झाली होती. आठवडाभर घर डोक्यावर घ्यायची, मग ओक्साबोक्शी रडायची आणि पाळी आली की पुन्हा गोगलगाय. जिवलग मैत्रिणीशीही तिने अशाच दिवसांत कायमचं तोडलं होतं. बाबा म्हणायचे, "लाडावलीय, दुसरं काही नाही."

आईने तिला खुर्चीत बसवलं आणि वेडेवाकडे केस सारखे करायला घेतले. ओरडणारच होती, तेवढ्यात चिमणी खाली बघत म्हणाली, "आई, मी नसले तर बरं होईल ना तुम्हाला?"

 कात्री बाजूला ठेवून आईने सरळच विचारलं, "जिवाचं काही करायचं डोक्यात येतं का?"

"येतं. पण त्याच दिवसांत. नंतर माझं मलाच कळत नाही, असं का वाटलं."

त्याच संध्याकाळी ती लेकीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी चिमणीशी एकटीशीही बोलून घेतलं. त्या दिवसांत तिला एकटं सोडायचं नाही, हे बजावलं. रक्त तपासलं. रोज मन कसं होतं ते दोन पाळ्या होईपर्यंत टिपायला सांगितलं.

पुढच्या खेपेला बाबाही बरोबर आले. त्या नोंदी बघून बाई म्हणाल्या, "हिची उदासी महिनाभर असती तर मी वेगळा विचार केला असता. ही पाळीआधी येते आणि पाळीबरोबर ओसरते. हा आजार आहे, हिचा स्वभाव नव्हे."

बाबा चुळबुळले. "म्हणजे नाटकं नव्हती?"

"नव्हती," चिमणीच म्हणाली.

समुपदेशन सुरू झालं. तेवढ्याने भागेना, तेव्हा बाईंनी उदासी कमी करणारी गोळी दिली आणि सुरुवातीला वरचेवर बोलावून लक्ष ठेवलं. पहिल्या गोळीने मळमळायचं, म्हणून ती बदलावी लागली.

वाईट दिवस अजूनही येतात. दार अजूनही आपटतं. पण आता चिमणी आधीच सांगून ठेवते, "दोन दिवस मला सांभाळून घ्या." बाबाही त्या दिवसांत वाद उकरून काढत नाहीत.

परवा तिने त्याच तोडलेल्या मैत्रिणीला घरी बोलावलं. आतल्या खोलीत दोघी बराच वेळ बोलत होत्या. आधी रडण्याचा आवाज आला, मग हसण्याचा. आईने गिऱ्हाइकाचे केस धुवायला घेतले.